दोन रुपयांचा ट्रान्झिस्टर

घरातल्या चोर-अलार्मचं पॅनेल मोबाईलला जोडून देतोस काय, असं गेल्या वर्षभरात मला चार-पाच जणांनी विचारलं. बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या पोराला वायरीचं सगळं येतं, असा आपल्या बेळगावात समज आहे. मी हो म्हणतो, पण एक अट घालतो : अलार्मने घराला सगळं सांगावं, घराने अलार्मला हुकूम सोडू नये. अट ऐकली की बहुतेकांचा चेहरा पडतो. ‘मग फोनवरून बंद कसा करायचा?’ फोनवरून बंद करायचाच नाही, हे माझं म्हणणं आहे, आणि ते का, तेच इथे मांडतो.

वाङ्मय मंडळाच्या अंकात वायरिंग कशाला, असं कुणाला वाटेल. पण घर कुणाचं, घरात कुणाचं चालावं, हा प्रश्न या वायरींत गुंतलेला आहे, आणि असल्या प्रश्नांवर तर आपल्या मंडळात तासन् तास वाद होतात. तेव्हा पहिली दोन पानं जरा सोसा.

पॅनेल म्हणजे भिंतीवरचा पत्र्याचा डबा. बहुतेक घरांत तो जिन्याखाली नाहीतर कपाटामागे असतो, आणि बसवणारा माणूस गेल्यानंतर त्याचं झाकण कुणी उघडलेलं नसतं. आत एक सर्किट बोर्ड आणि १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. दारांच्या चौकटीत रीड स्विच बसवलेले असतात. काचेच्या बारीक नळीत दोन पात्या, आणि त्यांच्या समोर दाराच्या फळीवर एक लोहचुंबक. दार मिटलेलं असेल तोवर चुंबकामुळे पात्या चिकटून राहतात आणि वीज वाहते. दार उघडलं की पात्या सुटतात. खोल्यांच्या कोपऱ्यांत हालचाल टिपणारे सेन्सर असतात. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकली की ते ओळखतात. दाराजवळ कीपॅड, बाहेर सायरन. झालं पॅनेल.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत बोस्टनजवळ राहणाऱ्या ऑगस्टस पोपने १८५३ साली विजेच्या चोर-घंटेचं पेटंट घेतलं. दार उघडलं की विजेचा मार्ग पूर्ण व्हायचा आणि घंटा वाजायची. अशा रचनेत एक खोट राहते : चोराने आधीच वायर तोडली तर घंटा गप्प. म्हणून पुढे उलटी रीत आली. आता वीज सतत वाहत असते आणि ती थांबली की सायरन वाजतो, मग ती दार उघडल्यामुळे थांबो की वायर कापल्यामुळे. वायरीची दोन टोकं परस्पर चिकटवून पॅनेलला फसवता येऊ नये म्हणून शेवटाला एक रेझिस्टर लावतात. कॅनडातल्या डीएससी कंपनीच्या पॅनेलला तो ५,६०० ओहमचा लागतो. पॅनेलला ५,६०० ओहम दिसले तर सगळं ठीक. शून्य दिसलं तर कुणीतरी वायरीशी खेळतंय. मार्गच तुटलेला दिसला तर दार उघडं आहे किंवा वायर कापलेली आहे.

एवढंच काम हा डबा करतो. त्याला दुसरं काही येत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतो. त्याला इंटरनेट लागत नाही. वीज गेली तर बॅटरीवर जातो. पॅनेल, कीपॅड आणि सेन्सर मिळून ३०० मिलिअँपिअर ओढत असतील, तर नवी बॅटरी हिशेबाने २३ तास पुरते. जुनी झाली की त्याहून बरीच कमी. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते सगळ्यांना माहीत आहे. त्या काळोखात घरातला राउटर, वायफाय, स्मार्ट दिवे सगळं मिटतं. डबा तेवढा जागा असतो.

आता दुसरी बाजू. घराच्या ऑटोमेशनसाठी मी होम असिस्टंट वापरतो. २०१३ मध्ये सुरू झालेली ही खुली, फुकट मिळणारी प्रणाली आहे. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालते आणि घरातल्या घरात राहते. ‘असं झालं तर तसं कर’ एवढी एकच भाषा तिला कळते : टाकी भरली तर पंप बंद कर, अंधार पडला तर अंगणातला दिवा लाव. हिच्या हाती पॅनेलच्या बातम्या आल्या तर काय काय करता येईल, ते तुम्हीच मनात आणून बघा. रात्री मागलं दार उघडलं की सगळ्या घरात लख्ख उजेड. सायरन वाजला की शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप. सगळे बाहेर पडले आणि अलार्म लावला की गिझर आणि पंखे बंद. माझा जोडणीला विरोध नाही. उलट एवढा चांगला साक्षीदार घरात असताना त्याला जिन्याखाली मुका बसवून ठेवणं मला पटत नाही.

जोडायच्या तीन रीती आहेत. पहिली, जुनं पॅनेल काढूनच टाकायचं आणि सगळे सेन्सर थेट नव्या बोर्डाला जोडायचे. मग डोकं संगणकात जातं. पायचं मेमरी कार्ड खराब झालं की अलार्मही गेला. दुसरी, पॅनेलच्या आउटपुटवर रिले लावून ‘अलार्म लागला’, ‘सायरन वाजला’ एवढंच कळवायचं. ही साधी आणि भक्कम, पण कुठलं दार ते कळत नाही. तिसरी मला सगळ्यांत आवडते : पॅनेल आणि कीपॅड आपापसात बोलतात ते चोरून ऐकायचं.

डीएससीच्या पॉवरसीरीज पॅनेलमध्ये पॅनेलपासून कीपॅडपर्यंत चार वायरी जातात. लाल आणि काळी विजेची, पिवळी तालाची, हिरवी बोलण्याची. पिवळ्या आणि हिरव्या वायरीवर ईएसपी ३२ हा छोटा वायफाय बोर्ड कान लावून बसतो. त्या वायरींवर १३.८ व्होल्टपर्यंत दाब असतो आणि बोर्डाला ३.३ व्होल्टच सोसतात, म्हणून मध्ये ३३ हजार आणि १० हजार ओहमचे दोन रेझिस्टर लावून दाब वाटून घ्यायचा. १३.८ ला १० ने गुणा, ४३ ने भागा : ३.२ व्होल्ट. बसलं बरोबर. हा संवाद उलगडणारं सॉफ्टवेअर खुलं आणि फुकट आहे. ते बोर्डात भरलं की कुठलं दार उघडलं, कुठे हालचाल झाली, अलार्म लावला की काढला, सगळं ऐकू येतं.

इथेच तो ट्रान्झिस्टर येतो. ऐकायला चार रेझिस्टर पुरतात. पण बोर्डाला हिरव्या वायरीवर स्वतः बोलायचं असेल, म्हणजे कीपॅडसारखी बटणं दाबून अलार्म लावायचा-काढायचा असेल, तर आणखी एक ट्रान्झिस्टर लागतो. दुकानात दोन-तीन रुपयांना मिळतो. तो लावला तर बोर्डाला तोंड फुटतं. नाही लावला तर कितीही हुशार हॅकर घरच्या वायफायमध्ये शिरला तरी या बोर्डाकरवी अलार्म काढू शकत नाही, कारण वायरच नाही. पासवर्ड चोरता येतो, सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडतं. नसलेला ट्रान्झिस्टर कुणाला चोरता येत नाही.

टिळकवाडीत आमच्या आज्जीच्या घरी मी तो लावला नाही, आणि यावरून आमच्या घरात दोन महिने वाद चालला.

आज्जी एकटी राहते. काका मस्कतला असतात. पॅनेल त्यांनीच बसवून घेतलं होतं. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या : सायरन वाजला की फोनवर निरोप, मस्कतहून अलार्म लावायची आणि काढायची सोय, आणि आज्जी घरात कुठे आहे, रात्री किती वेळा उठते, ते दाखवणारा तक्ता. काळजीपोटीच मागत होते, यात शंका नाही. दूर असणाऱ्या मुलाला आईची काळजी हातात धरता येत नाही, तो ती ॲपमध्ये धरायला बघतो.

पहिली मागणी मी लगेच मान्य केली, एका दुरुस्तीसह. पहाटे ४ वाजता बेळगावात सायरन वाजला तर मस्कतला अडीच वाजलेले असतात. काका झोपेत. जागे झाले तरी तिथून काय करणार? म्हणून निरोप आधी समोरच्या घरी आणि आमच्याकडे येतो, त्यांच्याकडे त्याच वेळी जातो, पण ‘पोचतो’ असं उत्तर आमच्यापैकी एकाने द्यायचं ठरलं आहे.

दुसरी मागणी मी नाकारली. ‘अरे, बँक फोनवर चालते, आणि तुझा अलार्म चालत नाही?’ असं काका म्हणाले. मी म्हटलं, “काका, ज्या फोनवरून अलार्म निघतो, तो फोन म्हणजे या घराची किल्ली. तुमचा फोन तिकडे टॅक्सीत राहिला तर आज्जीच्या दाराची किल्ली टॅक्सीत राहिली.” २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याला फार अक्कल लागली नाही. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेले नव्हते, तेच त्याने वापरून बघितले. असल्या यंत्रांच्या शेजारी आपला अलार्म बसणार असेल तर त्याने नुसतं बघावं.

कंपनीच्या ॲपवर विसंबलेल्यांना आणखी एक धोका आहे. रिव्हॉल्व्ह नावाचा घर-ऑटोमेशनचा हब अमेरिकेत ३०० डॉलरला विकला जायचा. गूगलच्या नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. लोकांच्या घरातले चांगले चालणारे हब एका दिवसात निकामी झाले. पुढे नेस्टचीच स्वतःची नेस्ट सिक्युअर ही अलार्म यंत्रणा एप्रिल २०२४ मध्ये अशीच बंद झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीने आपलं थ्रीजी जाळं बंद केलं, तेव्हा त्यावरून निरोप पाठवणारे अलार्म ज्यांनी बदलले नव्हते ते मुके झाले. यात चोरी कुणी केली नाही, कायदाही मोडला नाही. फक्त घराचं डोकं घराबाहेर ठेवलेलं होतं. आपल्याकडेही आता महिन्याला पैसे भरून चालणारे अलार्म विकले जातात. घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : तुमची कंपनी उद्या बंद पडली तर माझा सायरन वाजेल काय?

तिसऱ्या मागणीवर बोलायचा हक्क माझा नव्हता. मी आज्जीला विचारलं. ती म्हणाली, “माझ्या घरात मी रात्री उठल्याली मस्कतला कशाला कळाय पाहिजे?” होम असिस्टंट काही वेगळं सांगितलं नाही तर घडलेल्या सगळ्याची दहा दिवसांची नोंद ठेवतं. आज्जीच्या खोलीचा आणि न्हाणीघराजवळचा सेन्सर मी त्या नोंदीतून वगळला. पण काकांची भीतीही खोटी नव्हती. रात्री पाय घसरून पडली तर? यावर तोडगा तिनेच काढला. “सकाळी ९ पर्यंत मी स्वयंपाकघरात आले नाही तर समोरच्यांना कळव. तोवर काय बी कळवू नकोस.” आता एवढाच एक नियम आहे. ती हलली की बातमी होत नाही, ती ठरलेल्या वेळेपर्यंत आली नाही तरच होते. काळजी आणि पाळत यांच्यातली रेघ कुठे मारायची, हे कुठल्याही पुस्तिकेत नसतं. ती रेघ तिने मारली, मी फक्त नियम लिहिला.

शिवाय बोर्डाचा अडॅप्टर मी मुद्दाम सोप्यातल्या, तिच्या हाताला येणाऱ्या प्लगला लावला आहे. तिने बटण बंद केलं की बातम्या थांबतात. अलार्म जसाच्या तसा चालू राहतो. काकांना तेव्हा काय दिसतं? इथे एमक्यूटीटीची मला फार आवडणारी गोष्ट सांगतो. तेलाच्या पाइपलाइनवर दूरवर लक्ष ठेवण्यासाठी १९९९ मध्ये तयार झालेली ही निरोपांची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक यंत्र जोडलं जातानाच आपलं मृत्युपत्र देऊन ठेवतं, हा शब्द माझा नाही, तिथे त्याला तसंच म्हणतात : माझा संपर्क तुटला तर सगळ्यांना अमुक सांगा. त्यामुळे ‘सगळं शांत आहे’ आणि ‘ऐकणाराच गेला आहे’ यांतला फरक कळतो. आज्जीने बटण बंद केलं तर काकांना ‘बोर्ड बंद’ एवढंच दिसतं. मग ते फोन करतात. ॲप बघण्यापेक्षा आईला फोन करणं बरं, असं माझं मत आहे. त्यांचं अजून पूर्ण झालेलं नाही.

आक्षेप आणखीही घेतात. कुणी म्हणतं, पाहुणा आला आणि घरी कुणी नसलं तर आत कसं घ्यायचं? पॅनेलमध्ये वेगवेगळ्या माणसांचे वेगवेगळे सांकेतिक क्रमांक ठेवता येतात. विश्वासाच्या शेजाऱ्याला एक द्या, नको झाला की काढून टाका. कुणी म्हणतं, आजी घाबरली, तिला सायरन बंद करता आला नाही तर? सायरन ठरलेल्या मिनिटांनी आपोआप थांबतो. आणि म्हातारं माणूस अडचणीत असताना गल्ली जागी होणं हे मला तरी संकट वाटत नाही.

आता आपल्या मंडळाच्या कामाची एक गोष्ट. पॅनेल ‘झोन ३’ म्हणतं. आज्जीला झोन ३ कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही. होम असिस्टंटमध्ये प्रत्येक सेन्सरला देवनागरीत नाव देता येतं. तिथे आता सोपा, माजघर, मागलं दार अशी नावं आहेत. संगणकाच्या आवाजात मराठी बोलवता येतं, पण त्यातल्या बऱ्याच सोयींना इंटरनेट लागतं, आणि ते मराठी कुणाच्याच घरातलं नसतं. म्हणून मी माझ्याच आवाजात वाक्यं ध्वनिमुद्रित करून पायमध्ये ठेवली. रात्री अलार्म लावायच्या वेळी दार उघडं राहिलं असेल तर स्पीकरमधून ऐकू येतं, “आज्जी, मागलं दार उघडं हाय बघ.” ती त्याला उत्तरही देते. मराठीत तंत्रज्ञान आणा म्हणून आपण ठराव करतो. त्यातलं निदान एवढं तरी कुणालाही आपल्या घरात आजच करता येतं.

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी चार सूचना. कारखान्यातून आलेले सांकेतिक क्रमांक पुस्तिकेत छापलेले असतात, ते आधी बदला. बसवणाऱ्याकडचा इन्स्टॉलर कोड लिहून घ्या. आम्हाला तो मिळवायला तीन खेपा माराव्या लागल्या, पण घर आपलं असेल तर तोही आपल्याकडेच हवा. पॅनेलच्या बॅटरीवर बसवल्याची तारीख पेनने लिहा आणि तीन-चार वर्षांनी ती बदला. डब्यात मेन लाइनची वीज येत असेल तर झाकण उघडण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जोडणी झाली की एक परीक्षा घ्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. राउटरचा प्लग काढा, पायचा प्लग काढा, मग मेन स्विच बंद करा. घर पूर्ण अंधारात असताना कीपॅडवरून अलार्म लावा आणि दार उघडा. सायरन वाजला तर तुमची जोडणी बरोबर आहे. नाही वाजला तर ॲपमध्ये कितीही हिरवे ठिपके दिसोत, ती सगळी वायरिंग मी तरी पुन्हा तपासेन.